पाठीखालचा हात

“तो सार म्हणे फोनवर बोलत उभा होता. इकडे पोरगी घोड्यावरून खाली, आणि ह्याचं आपलं हॅलो हॅलो चालूच.”

माझ्या मागच्या रांगेतली बाई शेजारणीला तमिळमध्ये सांगत होती. शनिवारची सकाळ होती आणि तंजावरातल्या आमच्या शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा भरली होती. मी पालक नाही. दादा कामासाठी कुंभकोणमला गेला होता, वहिनीची इस्पितळात ड्यूटी होती, म्हणून दुसरीतल्या भाचीची आत्या या नात्यानं मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. शाळेत नव्यानं आलेल्या पीटी मिसना लहान वर्गांना पुन्हा जिम्नॅस्टिक्स शिकवायचं होतं, आणि त्याबद्दल पालकांचं मत विचारायचं होतं. ‘पुन्हा’ म्हटलं की ती जुनी गोष्ट निघणारच.

फोनचा भाग मात्र नवा होता. यापूर्वी मी ऐकली तेव्हा सार वर्तमानपत्र वाचत होते. त्याच्याही आधी कुणीतरी त्यांच्या हातात चहाचा ग्लास दिला होता. सारांकडे तेव्हा मोबाइल नव्हता, आणि चहाला त्यांनी जन्मात हात लावला नसेल. ते कॉफीचे माणूस होते. मी मांडीवरची पिशवी नीट केली आणि समोर बघत राहिले.

सारांना आम्ही ‘कै सार’ म्हणायचो. तमिळमध्ये कै म्हणजे हात. शाळेत दुसरे पीटी सार उन्हात शिट्टी वाजवत उभे असायचे. हे मात्र गादीच्या कडेला गुडघे टेकून बसलेले असायचे आणि त्यांचा उजवा हात कुणाच्या ना कुणाच्या पाठीखाली असायचा. त्यांच्या पँटी गुडघ्यावर विरायच्या. त्यांच्या बायकोनं तिथं आतून ठिगळं लावलेली असत, दोन गुडघ्यांना दोन रंगांची. त्या हाताची करंगळी कधी तरी मोडून वाकडी जुळली होती, ती सरळ होत नसे. त्यामुळे डोळे मिटून उलटं होतानाही पाठीला कळायचं, हा सारांचाच हात.

मुलींसाठी ते तळहातावर घडी घातलेला तुंडू ठेवत. तुंडू म्हणजे आमच्याकडे पुरुषांच्या खांद्यावर असतो तो पातळ पंचा. पहिल्या वर्षी काही आयांनी कुरकुर केली होती, पुरुष मास्तर, मुलींच्या पाठीला हात लावतो. सारांनी वाद घातला नाही. त्या आयांना त्यांनी तासाला बोलावलं, आमचा तास व्हायचा त्या पत्र्याच्या शेडच्या कठड्यावर बसवलं आणि सांगितलं, “बघा. कंटाळा येईपर्यंत बघा.” दोन तासांत आयांना कंटाळा आला. तुंडू मात्र कायम राहिला. रोज धुतलेला असायचा.

शाळेला विकतच्या गाद्या परवडत नव्हत्या की नको होत्या, ठाऊक नाही. आमच्याकडे काथ्याच्या चटया होत्या, त्या कोपरांना टोचायच्या. सारांनी गादीवाल्याला गाठून शेवरीच्या कापसाच्या दोन जाड गाद्या शिवून घेतल्या. शनिवारी दुपारी ते स्वतः त्या उन्हात टाकत आणि काठीनं झोडपत. दुसऱ्या दिवशी रविवार, तेव्हा कुणी नाचणार नाही, कापूस फुलून येईल, असा त्यांचा हिशेब. कोलांटी मारताना नाकात कापसाचा तंतू जायचा आणि अर्धा वर्ग शिंकत सुटायचा.

आमचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असे. सार आधी रांगेसमोरून फिरत आणि एकेकाला विचारत, “काय खाल्लं?” दहीभात म्हटलं की त्याला बाजूला बसवायचे. “दहीभात पोटात असतांना उलटं व्हायचं नाही. भात खाली राहतो, दही वर येतं.” तंजावरच्या मुलांच्या डब्यात दुसरं काय असणार? निम्मी रांग बसलेली. मग मुलं खोटं सांगायला लागली. कुणी रोज इडली खाई, कुणी रोज पुरी. सार ऐकून घेत, मान डोलवत आणि म्हणत, “तोंड उघड.” पण हसत म्हणत.

मुलींच्या वेण्यांत मल्लीच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळा असायच्या. कोलांटीत त्या चुरगळतात म्हणून तासाच्या सुरुवातीला काढून शेडच्या गजांना अडकवायच्या. पंधरा-वीस माळा एका ओळीत. तास संपला की सार एकेक काढून देत, आणि ती कुणाची हे त्यांना विचारावं लागत नसे. मला पाठांतराच्या मिस ‘यू, लास्ट बेंच’ म्हणत. सारांना माझी माळसुद्धा ओळखू यायची.

मी बोलत नसे. घरी बोलायची, थोडंसं. शाळेत नाही. मुक्या माणसाला तमिळमध्ये ऊमै म्हणतात. वर्गात माझं तेच नाव होतं आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे, कारण ऊमैला कुणी प्रश्न विचारत नाही. सारांनी माझं आडनाव हजेरीत वाचलं आणि तास संपल्यावर हळूच विचारलं, “घरी मराठी बोलतां कां ग?” मी मान हलवली. “आमच्याकडेही,” ते म्हणाले. तंजावरात मराठी घरं आहेत तशी बरीच, पण शाळेत इंग्रजीच बोलायचं असा नियम होता, आणि मराठी ही मी तोपर्यंत घराच्या आत, आईच्या ओरडण्यात आणि अप्पांच्या फोनवर ऐकलेली भाषा होती. ती गादीच्या कडेला, गुडघ्यांना ठिगळं लावलेल्या माणसाच्या तोंडून ऐकताना मला शरम वाटली. माझं काहीतरी उघड्यावर आल्यासारखी. मग सवय झाली. मग मी त्याची वाट बघायला लागले.

पहिला महिनाभर त्यांनी आम्हांला फक्त पडायला शिकवलं. पुढे पडायचं, मागे पडायचं, कुशीवर पडायचं. मुलं कंटाळली, पालकांनी विचारलं, जिम्नॅस्टिक्स कधी सुरू होणार. “हेंच जिम्नॅस्टिक्स,” सार म्हणायचे. मला मराठीत सांगायचे, “जमिनीकडे तोंड घेऊन जाऊं नको. खांदा घेऊन जा. ती ओळखीची आहे, कांहीं करणार नाही.” मी भ्यायले की म्हणत, “भीती वाटत्ये? वाटूं दे. तिला पाठीवर घे आणि उलटी हो. तीच पडेल, तूं नाही.”

त्यांचा एकच नियम कडक होता. कोलांटी असो, हातांवर उभं राहणं असो, की घोड्यावरून उडी असो, निघण्याआधी मुलानं मोठ्यानं सांगायचं, “सार, येतो.” सार तयार असले की म्हणायचे, “ये.” ते ‘ये’ ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. एकदा एक मुलगा न सांगता गडगडत आला, छान कोलांटी घातली त्यानं. सारांनी त्याला आठवडाभर गाद्या झटकायला लावल्या. “मी बघतों आहे असं समजूं नका,” ते सगळ्यांना म्हणाले. “माणूस आहे मी. मान वळते. तुमचा आवाज आला की माझा हात येतो.”

हा नियम त्यांनी माझ्यासाठी मोडला.

मी रांगेत सगळ्यांत पुढे यायची आणि तोंडातून आवाज निघायचा नाही. मागची मुलं ढकलायची, हसायची. सार गुडघ्यांवर बसून थांबलेले. तीन तास असेच गेले. चौथ्या तासाला ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “सरी, बरं. तुझ्यापुरतं, मान हलवलीस तरी पुरे. मी बघेन.” मी मान हलवली. ते म्हणाले, “ये.” मी गेले. जग उलटं होऊन सुलटं झालं, पाठीला तुंडू लागला, त्याच्याखाली चार बोटं आणि एक वाकडं, आणि मी पलीकडे पायांवर उभी होते. त्या दिवशी घरी मी जेवताना न थांबता बोलले, असं आई सांगते. मला आठवतं ते एवढंच, की शाळेत मला एक शब्द मिळाला होता आणि तो मानेनं उच्चारता येत होता.

चौथीत असताना वार्षिक समारंभाची तालीम होती. शेडच्या बाहेर, मैदानावर. लाकडी घोडा मांडलेला. घोडा म्हणजे चार पायांचा, वरून कातडं मढवलेला ठोकळा. त्याच्यावर हात टेकून पलीकडे उडी घ्यायची. पलीकडे शेवरीच्या गाद्या, गाद्यांच्या कडेला सार. वरच्या वर्गांतल्या मुली बघायला आल्या होत्या. माझा नंबर आला. मी धावायच्या रेषेवर उभी राहिले आणि सारांकडे बघितलं. नेमकं तेव्हा मुख्याध्यापिकांनी व्हरांड्यातून हाक मारली, “सार, बँड कुठे उभा करायचा?” सारांनी मान वळवली.

ते वळलेले मला दिसले. हे मला लिहून ठेवायचं आहे. मला दिसलं. थांबायचं होतं, दुसरं काही नाही. पण मागून मोठ्या मुलींपैकी एक म्हणाली, “ऊमैचे पाय पण मुके झाले वाटतं,” आणि सगळ्या हसल्या. तिथं आणखी एक क्षण उभं राहणं मला जमेना. हाक मारली असती तरी चाललं असतं. ‘सार’ एवढा एकच शब्द. तो मला येत नव्हता, धावणं येत होतं. मी धावले.

हात घोड्यावर तिरका पडला. मी हवेत असतानाच त्यांनी बघितलं असावं, कारण मी डोक्यावर जायच्या आत त्यांचा हात पाठीखाली आला. तुंडू नव्हता. नुसता हात. त्यानं माझी मान वाचली, हे नंतर डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं. मनगट तेवढं मोडलं. सारांनी मला उचलून रिक्षापर्यंत पळत नेलं. वाटेत त्यांचा श्वास मोठमोठ्यानं चालला होता आणि ते एकच म्हणत होते, “कांहीं नाही, कांहीं नाही, कांहीं नाही ग.”

अप्पांनी शाळेला पत्र लिहिलं. अप्पा वाईट नाहीत. आपल्या मुलीच्या हाताला प्लास्टर बघून कुणीही लिहिलं असतं. आठवड्यानं आम्हांला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावलं. अप्पा, आई, मी, आणि भिंतीपाशी सार, उभे. मुख्याध्यापिका इंग्रजीत माझ्याशी गोड बोलल्या. मग विचारलं, “तू उडी मारलीस तेव्हा सार तुझ्याकडे बघत नव्हते ना?”

मी मान हलवली.

बघत नव्हते, हे खरंच होतं. अर्धं खरं. उरलेलं अर्धं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. मी मान हलवली आणि जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, सार सांगतील. ते सांगतील की ही ‘ये’ न ऐकता आली. सार म्हणाले, “मॅडम, आवाज दिल्याशिवाय सुटायचं नाही हा माझा नियम. या मुलीसाठी तो मीच सैल केला. चूक माझी.” त्यांच्या इंग्रजीत तीन-चारच शब्द असायचे, स्टँड, रोल, सुपर. हे त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, सावकाश, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

त्यांना कुणी काढलं नाही. गाद्या वरच्या खोलीत गेल्या, घोडा लायब्ररीमागे गेला. सार बस सुटताना मुलांच्या रांगा लावायला लागले. मी दुसऱ्या नंबरच्या बसमध्ये चढायची. रोज ते माझं दप्तर वर चढवून द्यायचे, प्लास्टर निघाल्यावरसुद्धा. मराठीत बोलले नाहीत. मी वाट बघत होते, पण मीही बोलले नाही, तेव्हा त्यांनी काय म्हणून बोलावं? वर्षाअखेरीस ते पापनाशमकडच्या एका शाळेत गेल्याचं कळलं.

नंतर एकदाच भेटले. मी कॉलेजला कुंभकोणमला जायची, परतीच्या बसमध्ये ते पापनाशमला चढले. केस पांढरे झालेले, खांद्यावर तुंडू. मी उठून जागा द्यायला लागले तर म्हणाले, “बस, बस.” दांड्याला धरून उभे राहिले. जरा वेळानं म्हणाले, “हात बघूं. फिरव.” मी मनगट फिरवलं. “उलटा फिरव.” उलटा फिरवला. “पूर्ण फिरतो,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका सुटा झाला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. बाहेर कालवा, भातशेतं, नारळ, तेच ते. मी मनात वाक्य जुळवत होते. आधी मराठीत जुळवलं, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. “बोलतेस कां आतां?” त्यांनी विचारलं. मी हसले. “सरी, सरी,” ते म्हणाले. त्यांचं गाव आलं. उतरताना त्यांनी वळून हात केला. माझं वाक्य तयार झालं तेव्हा बस चालू लागली होती.

मागच्या वर्षी आईनं फोनवर सांगितलं, “तुमचे ते पीटी सार गेले ग.” ते शेवटी तिरुवैयारूला राहत होते. मी रविवारी गेले. त्यांच्या बायकोनं मला आधी कधी बघितलं नव्हतं. कॉफी दिली. म्हणाल्या, “ह्यांच्या शाळेतल्या पोरी येतात अजून, बरं वाटतं.” मग आपण होऊन सांगितलं, “तंजावरची शाळा सोडली तेव्हांपासून ह्यांनी कुणाच्या पाठीला हात लावला नाही हो. तिकडे नुसती कवायत घेत. आमचा नातू कट्ट्यावरून उड्या मारी, तर हे भिंतीकडे तोंड करून उभे राहात. मी म्हणें, अहो, धरा की त्याला. तर म्हणत, माझा हात उशिरा पोंचतो.” त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, “तुम्ही कुठल्या वर्षाच्या?”

मी वर्ष सांगितलं. मी कोण, ते सांगितलं नाही. कप विसळून ठेवला आणि परत आले. बस नदीवरून गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या घरात मी पुन्हा एकदा तेच केलं होतं, विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं होतं.

मी पुढे फार बोलकी झाले नाही. बँकेत काउंटरवर बसते, तिथं पुरतं तेवढं बोलते. पण एक सवय मला लागली आहे ती सारांची. कुणी घाबरलेलं माणूस समोर आलं, सहीला हात थरथरणारी म्हातारी वगैरे, तर मी आधी खुर्चीवरून उठून तिच्या बाजूला जाते. पलीकडून बोलत नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही.

सभेत पीटी मिस बोलल्या. पंचविशीच्या असतील, सलवार-कमीजच्या बाहीवर शाळेचा बिल्ला. नव्या गाद्या येतील, एका वेळी एकच मूल, बाजूला दोन माणसं. एक वडील उठले. “पण मिस, इथं आधी झालंय ना? मास्तर फोनवर, आणि मुलीचा हात मोडला.” मागच्या बाईनं जोरात दुजोरा दिला. हॉलभर माना हलल्या. पीटी मिसना ठाऊक नव्हतं. त्यांनी मुख्याध्यापिकांकडे बघितलं. मुख्याध्यापिकाही आता नव्या आहेत. त्या म्हणाल्या, “हो, मीही ऐकलं आहे. त्या सारांचा निष्काळजीपणा झाला होता. दुर्दैवी होतं.” आणि वहीत काहीतरी लिहायला लागल्या.

ते ‘निष्काळजीपणा’ वहीत जाताना मी बघत होते. सार नव्हते, त्यांची बायको तिरुवैयारूला होती, अप्पा घरी पेपर वाचत असतील. त्या मैदानावर काय झालं हे पुरतं ठाऊक असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकून त्या बाईच्या गुडघ्याला लागली, ती “अय्यो” म्हणाली. मुख्याध्यापिकांनी वर बघितलं आणि विचारलं, “येस? तुम्ही कुणाच्या पालक?” सगळा हॉल वळला. मी तमिळमध्ये बोलले, माझा आवाज मला अनोळखी वाटला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा.

“ती मुलगी मी आहे. सार फोनवर नव्हते. त्यांनी मला ‘ये’ म्हटलं नव्हतं, ते वळलेले मला दिसत होते, तरी मी धावले. तेव्हा मला विचारलं, आणि मी हे सांगितलं नाही.”